भूकंपानंतर इमारत तपासतात, जमीन कोण तपासतं? (भराव, वाळू आणि मुंबईतल्या सोसायट्या)

सेक्रेटरी_वर्सोवा (धागाकर्ता)

तीस वर्षांवरच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब खाली स्ट्रक्चरल स्टॅबिलिटीचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी जे ऑडिट होतं त्यात रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, हाफ-सेल, कोअर काढणं असं सगळं असतं. थोडक्यात, काँक्रीट आणि सळई. पायाखालच्या जमिनीबद्दल बहुतेक अहवालांत 'पाया खचल्याचं दिसत नाही' यापलीकडे काही नसतं.

आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे मुंबई भूकंप क्षेत्र ३ मध्ये येते. उद्या मोठा धक्का बसलाच तर सगळे कॉलमच्या चिरा बघत फिरतील. वाळूची जमीन पाण्यासारखी वागायला लागली (लिक्विफॅक्शन) तर कॉलम धडधाकट राहूनही इमारत कलते. म्हणून दोन प्रश्न:

१. आपल्या प्लॉटखाली तशी जमीन आहे का, हे सोसायटीला आत्ताच कळू शकतं का?
२. धक्क्यानंतर इंजिनिअर येईपर्यंत कमिटीने आवारात नेमकं काय बघायचं, काय मोजायचं?

'घाबरून जाऊ नका' छापाचे सल्ले नकोत, ते व्हॉट्सअॅपवर भरपूर आहेत.

बेसाल्टबाबू

मुंबई काळ्या दगडावर उभी आहे हो. हे जपानचे प्रकार. गिल्बर्ट हिल बघून या एकदा.

खाडीकाठ

@बेसाल्टबाबू, गिल्बर्ट हिलवरून पश्चिमेला बघा, दोन-तीन किलोमीटरवर वर्सोव्याची पुळण दिसेल. मलबार हिल, पाली हिल, अँटॉप हिल इथे दगड वर आहे, मान्य. पण सात बेटांच्या मधल्या जागा भरूनच हे शहर झालं. खाडी, खाजण, मिठागरं, त्यावर मुरूम, डेब्रिज, कचरा, जे मिळेल ते. दगड सगळीकडे आहे, प्रश्न किती खाली आहे आणि मध्ये काय आहे हा.

मुरूम_मास्तर

मुंबईत दोन वेगळ्या जमिनींची गल्लत होते, आधी ती सोडवू.

लिक्विफॅक्शनला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: सैल वाळू किंवा चिकटपणा नसलेला सिल्ट (वाळूहून बारीक गाळ), तो पाण्याखाली असणं, आणि पुरेसा जोराचा व पुरेसा वेळ चाललेला हादरा. हादऱ्यात वाळूचे कण एकमेकांजवळ सरकू बघतात, मधल्या पाण्याला तेवढ्या वेळात निघून जाता येत नाही, पाण्याचा दाब चढतो आणि कण एकमेकांवर टेकेनासे होतात. भार पेलायची ताकद जवळजवळ शून्यावर येते. १९६४ साली जपानच्या निगाता शहरात चार मजली इमारती अशाच लवंडल्या. सांगाडे बहुतांश शाबूत, फक्त इमारती कललेल्या, एक तर जवळपास आडवी.

आता आपली काळी मरीन क्ले (समुद्री चिकणमाती). एन व्हॅल्यू (जमिनीत सॅम्पलर ठोकताना लागणारे ठोके, जमीन किती घट्ट याचं माप) ० ते ४, बोअरिंगला रॉड स्वतःच्या वजनानेच खाली जातो. रिपोर्टमध्ये हे आकडे बघून लोक घाबरतात. पण चांगली प्लॅस्टिक चिकणमाती वाळूसारखी लिक्विफाय होत नाही. तिचा त्रास वेगळा आहे: वर भराव टाकला की पाणी हळूहळू बाहेर पडून ती वर्षानुवर्षं बसत राहते. मोठ्या धक्क्यात ती मऊ पडू शकते, पण वाळूचे फवारे उडवणार नाही. भरावावरच्या वसाहतींत प्लिंथ प्रोटेक्शन (इमारतीभोवतीची फरशी) खचणं, पायऱ्या सुटणं हे बहुतेक वेळा या क्लेमुळे होतं, भूकंपामुळे नव्हे.

मधल्या जातीचा गाळ असेल तर प्लॅस्टिसिटी इंडेक्स (मातीच्या चिकटपणाचा आकडा) बघा. १२ पेक्षा कमी, आणि नैसर्गिक ओलावा लिक्विड लिमिटच्या (ज्या ओलाव्याला माती वाहू लागते त्याच्या) ८५ टक्क्यांहून जास्त, तर तो संशयित धरायचा.

म्हणजे मुंबईत नजर ठेवायची ती किनाऱ्याच्या जुन्या वाळूच्या पट्ट्यांवर (माहीम, दादर, जुहू, वर्सोवा, गोराई), खाड्यांच्या तोंडाशी असलेल्या सिल्टी वाळूवर, आणि ड्रेज केलेली (पाण्याखालून उपसलेली) रेती न कुटता टाकली असेल अशा भरावावर.

चाळकरी

म्हणजे चिखलात राहणारे सुरक्षित आणि बीच व्ह्यूवाले धोक्यात? आज पहिल्यांदा आमच्या खाजणाचा अभिमान वाटला.

एन_व्हॅल्यू

मास्तरांशी सहमत. @धागाकर्ता, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, कळू शकतं, आणि बऱ्याचदा कागद कुठेतरी पडलेला असतो. नवीन इमारत असेल तर आर्किटेक्ट किंवा आरसीसी सल्लागाराकडे सॉइल इन्व्हेस्टिगेशन रिपोर्ट असतो. जुनी असेल तर शेजारच्या प्लॉटचा पुनर्विकास झालाय का बघा, त्यांचा बोअरलॉग (भोक मारताना केलेली थरांची नोंद) मागा.

लॉगमध्ये चार रकाने शोधा: खोली, थराचं वर्णन, एन व्हॅल्यू, पाणीपातळी. एन म्हणजे ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून टाकत सॅम्पलर ३० सेंमी घुसवायला लागलेले ठोके. त्याआधीचे पहिले १५ सेंमी मोजत नाहीत. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत क्षेत्र ३, ४, ५ साठी किमान अपेक्षा आहे: ५ मीटर खोलीपर्यंत एन १५, १० मीटर आणि खाली २५, मधल्या खोलीला प्रमाणात. पाण्याखालच्या वाळूत याहून कमी दिसलं तर पुढचं गणित करून घ्यायचं.

ते गणितही त्याच मानकात परिशिष्ट म्हणून आहे. एक नमुना देतो. खोली ५ मीटर, पाणी १ मीटरवर, माती पाण्यावर १८ आणि पाण्याखाली १९ किलोन्यूटन प्रति घनमीटर. एकूण दाब ९४, पाण्याचा ३९, उरलेला परिणामी दाब सुमारे ५५. क्षेत्र ३ चा झेड (हादऱ्याच्या जोराचा गुणांक) ०.१६, खोलीचा गुणांक ०.९६. हादऱ्याचा ताण = ०.६५ × ०.१६ × (९४/५५) × ०.९६ ≈ ०.१७२.

जमिनीची ताकद: साइटवरचा एन ८. दाबाची आणि रॉडच्या लांबीची सुधारणा करून तो साधारण ९ होतो. स्वच्छ वाळूला ९ वर ताकद मिळते ०.१०४. ताकद भागिले ताण ०.६१, एकच्या खाली, म्हणजे फेल. पण हे ७.५ तीव्रतेचं झालं. ६.५ धरली तर ताकद १.४४ पट, भागाकार ०.८७. तरी फेल.

आता खरी मेख. याच वाळूत ७५ मायक्रॉन चाळणीतून जाणारा बारीक भाग १५ टक्के निघाला, तर एन ९ चा १२ धरता येतो आणि ६.५ तीव्रतेचा भागाकार १.१ होतो. एका चाळणीच्या चाचणीवर निकाल फिरतो! आणि 'ग्रे सिल्टी सँड' लिहून मोकळे होणारे रिपोर्ट ढिगाने आहेत, चाळणीचा आकडाच नाही. पहिली मागणी तीच करा.

डिझाइन_डेस्क

@एन_व्हॅल्यू, गणित बरोबर, पण ०.१६ पूर्ण घेणं जरा कडक नाही का? डिझाइनला झेडचा अर्धा घेतो आपण.

एन_व्हॅल्यू

नाही. तो अर्धा इमारतीच्या डिझाइन बलाच्या सूत्रातला आहे, मागे इमारतीची लवचीकता आणि राखीव ताकद आहे. वाळूला कसली राखीव ताकद? साइटचा वेगळा आकडा नसेल तर परिशिष्टात पूर्ण झेडच घ्यायला सांगितलंय. ०.०८ घातलं की ताण निम्मा होतो आणि फेल झालेला थर पास होतो. काही रिपोर्टांत हेच केलेलं दिसतं, म्हणून निकालाआधी कोणता आकडा घातलाय ते बघा.

पाणीपातळीचंही तसंच. वरच्या उदाहरणात पाणी ३ मीटरवर धरलं तर ताण ०.१७२ वरून ०.१२७ वर येतो. बोअर मे महिन्यात मारले आणि मे महिन्याचीच पातळी गणितात घातली, तर तो रिपोर्ट ऑगस्टमध्ये कामाचा नाही. किनाऱ्याजवळ भरतीचीही नोंद हवी.

डिझाइन_डेस्क

परिशिष्टातलं वाक्य पाहिलं, मुद्दा मान्य. पण मऊ जमीन हादरा वाढवते, मग ०.१६ सुद्धा काही ठिकाणी कमीच म्हणायचा. उंच इमारतीला साइट-स्पेसिफिक (त्याच जागेपुरता) अभ्यास मागावा.

बोअरवाला

एनचा आकडा कसा बिघडतो तेही लिहितो, कारण सगळे त्यावर पूल बांधतायत.

वाळूत, पाण्याखाली बोअर मारताना भोकातलं पाणी बाहेरच्या पातळीपेक्षा खाली गेलं की तळातून वाळू आत उसळते. मग एन खोटाच कमी येतो. भोक कायम पाण्याने किंवा बेंटोनाइटने (मातीच्या घट्ट द्रावणाने) वरपर्यंत भरलेलं हवं. केसिंग (भोकाला आधार देणारा पाइप) चाचणीच्या खोलीपुढे ठोकलं तर तळाची माती आधीच दाबली जाते, तेही चूक.

उलट बाजूने, भरावात दगड किंवा जुन्या काँक्रीटचा तुकडा लागला की एन ५० च्या वर. लॉगमध्ये 'रिफ्युजल' (सॅम्पलर पुढे जात नाही) लिहिलं जातं आणि वाचणाऱ्याला वाटतं भराव घट्ट आहे. वर ५०, खाली ६, परत ५० असा एन दिसला तर मधलाच खरा समजा.

दोरी-कप्पीच्या हातोड्याची उंची मजुराच्या हातावर. संध्याकाळचे शेवटचे दोन बोअर नेहमी सरस येतात, हे काही भूगर्भशास्त्र नाही :)

बोअर किती? आयएस १८९२ प्रमाणे साधारण ०.४ हेक्टरच्या प्लॉटला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. जुना नाला किंवा खाडीचा फाटा भरलेला असेल तर त्या रेषेवर जास्त.

गिरगावकर

पण एकदा धक्क्यात वाळू बसली की घट्ट होते ना? मग दुसऱ्यांदा धोका कमी.

मुरूम_मास्तर

@गिरगावकर, तर्क बरोबर वाटतो, जमीन ऐकत नाही. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये ४ सप्टेंबर २०१०, २२ फेब्रुवारी २०११ आणि पुन्हा जून २०११ मध्ये त्याच त्याच उपनगरांत वाळू वर आली. पाणी वर येताना वरचा थर परत सैल करून जातं. शेवटी सरकारने सुमारे ८,००० घरांची जागा 'रेड झोन' ठरवून विकत घ्यायला काढली. उरलेल्या सपाट भागातली निवासी जमीन टीसी-१, २, ३ (टेक्निकल कॅटेगरी) अशा वर्गांत टाकली. टीसी-३ मध्ये खोल बोअरशिवाय पायाचा निर्णय नाही. इमारतीऐवजी जमिनीलाच वर्ग दिला, हे आपल्याकडे घेण्यासारखं.

बेसाल्टबाबू

बरं, जपान-न्यूझीलंड झालं. भारतातलं सांगा.

मुरूम_मास्तर

१५ जानेवारी १९३४, बिहार-नेपाळ. उत्तर बिहारमध्ये सुमारे ३०० किमी लांबीच्या पट्ट्यात घरं खचली, कलली, शेतांत वाळू पसरली. २६ जानेवारी २००१, भूज. कच्छच्या रणात ठिकठिकाणी खारं पाणी आणि वाळू वर आली, आणि केंद्रापासून सुमारे ५० किमीवरच्या कांडला बंदरात कार्यालयाचा टॉवर कलला. टॉवर पाइलवर (जमिनीत खोल गेलेल्या खांबांवर) होता, हे लक्षात घ्या.

पालघर_एक्सप्रेस

इकडे डहाणू-तलासरीला २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्के चालूच आहेत. त्याने मुंबईची वाळू हलेल?

एन_व्हॅल्यू

त्या मालिकेतले मोठे धक्केही चारच्या आसपासचे. पाचच्या खाली लिक्विफॅक्शन फार क्वचित, आणि तेही केंद्राच्या अगदी जवळ. भिंतीला तडे जातील, वाळू वितळणार नाही. मोठा पण दूरचा भूकंप मात्र हलका घेऊ नका. हादरा मंद असला तरी बराच वेळ चालतो. ११ मार्च २०११ ला टोकियो उपसागराच्या भरावावरचं उरायासू शहर केंद्रापासून काही शे किलोमीटरवर होतं. तरी घरं कलली, ड्रेनेजचे चेंबर रस्त्याच्या वर आले. त्याच भरावात ज्या प्लॉटांवर आधी वाळूचे कॉलम ठोकून जमीन घट्ट केली होती, ते फारसे हलले नाहीत.

पुनर्विकासग्रस्त

आमचा बिल्डर म्हणतो 'पाइल थेट खडकात सॉकेट करतो, जमिनीचं टेन्शन घेऊ नका'. घ्यायचं की नाही?

पायलिंगवाला

थोडं घ्या. पाइल ब्रेचियात (तुकड्यांच्या खडकात) किंवा बेसाल्टात नीट सॉकेट (खडकात रुतवलेला) असेल तर इमारत खचणार नाही, ते खरं. तीन गोष्टी विचारा.

एक, मधला थर लिक्विफाय झाल्यावर त्या लांबीत पाइलला आजूबाजूचा आधार नसतो. तिथे तो लांब, बारीक खांब होतो. ती लांबी बिनआधाराची धरून वाकण्याची तपासणी केली आहे का? दोन, शेजारी नाला किंवा खाडी असेल तर वरचा घट्ट थर वितळलेल्या थरावरून तिकडे सरकतो आणि पाइलला ढकलतो. तीन, हादरा संपल्यावर वाळू बसते आणि पाइलला खाली ओढते. हा जादा भार धरलाय का?

शिवाय इमारत जागेवर राहते पण आवार बसतं. म्हणजे गॅस, पाणी, ड्रेनेज, केबल जिथे भिंतीतून आत शिरतात तिथेच तुटतात. लवचीक जोड आणि मोकळी स्लीव्ह आत्ताच मागा, नंतर कोणी देत नाही.

वाळूसाठी स्टोन कॉलम (जमिनीत भरलेले खडीचे खांब) हा चांगला उपाय, आयएस १५२८४ आहे त्याला. दोन कॉलममधलं अंतर व्यासाच्या दोन ते तीन पट. वाळू घट्टही होते आणि पाण्याला वाटही मिळते. अतिमऊ क्लेमध्ये मात्र तेच कॉलम बाजूला फुगतात, तिथे ते डोळे झाकून मारू नयेत. उभ्या इमारतीखाली पर्याय मोजकेच: ग्राउटिंग (जमिनीत दाबाने सिमेंटचं द्रावण भरणं), मायक्रोपाइल (बारीक पाइल). दोन्ही महाग आणि अनुभवी हातच हवा.

टाकीवाला

जमिनीखालची पाण्याची टाकी कोणी काढली नाही अजून. बाहेरून ४ × ३ × २ मीटर, सगळीकडे २०० मिमी जाडी. काँक्रीटचं वजन साधारण २२.५ टन. वितळलेल्या वाळूची घनता १.८ धरली तर वर ढकलणारं बल ४३ टन. टाकीत काठोकाठ १५ टन पाणी असलं तरी ३७.५, म्हणजे तरंगणारच. रिकामी असेल तर आधी आणि जास्त. टाकी चार बोटं वर आली तरी सक्शन आणि इनलेट तुटतो, आणि ड्रेनेजचं पाणी चिरेतून आत. वाळूच्या प्लॉटवर नवीन टाकी बांधताना तळाचा स्लॅब बाहेर काढून त्यावर मातीचं वजन घेतात, पण माती स्वतःच वितळली तर त्याचा उपयोग कमी. टाकी पाइलला बांधा किंवा जमीन सुधारा.

चाळकरी

बीएमसीचं पाणी सकाळी सहाला येतं, भूकंपाने ती वेळ पाळावी ही विनंती.

ओळंबा

दुसऱ्या प्रश्नाकडे कोणीच गेलं नाही, म्हणून लिहितो.

आवारात वाळू-पाणी वर आलं असेल तर आधी ठरवा की तो फवारा आहे की फुटलेली पाइपलाइन. फवाऱ्याची वाळू बारीक, एकसारखी, बहुधा करडी, तोंडाशी छोट्या ज्वालामुखीच्या आकाराचा ढीग, आणि असे ढीग बऱ्याचदा एका रेषेत. काही वेळाने आपोआप थांबतो, आफ्टरशॉकला परत सुरू होऊ शकतो. पाइपचं पाणी व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत थांबत नाही.

झाडून टाकायच्या आधी फोटो, शेजारी टेप ठेवून. ढिगाचा व्यास, उंची, जागा आवाराच्या नकाशावर. किलो-दोन किलो वाळू दुहेरी प्लास्टिक पिशवीत, तारीख आणि जागा लिहून. चाळणी चाचणीला लागते, आणि कोणत्या थरातून आली ते बोअरलॉगशी जुळवता येतं.

मग भेगा. नाल्याला किंवा खाडीला समांतर भेगा सगळ्यात वाईट. नाल्याच्या काठापासून काटकोनात आत एक दोरी लावा, दोरीवर येणाऱ्या प्रत्येक भेगेची रुंदी मोजा आणि बेरीज करा. जमीन नाल्याकडे किती सरकली त्याचा तो अंदाज. कंपाउंड वॉल सरळ दिसते म्हणून सोडू नका, सरकणं काही वेळा काठापासून १००-२०० मीटर आतपर्यंत पोचतं.

इमारतीचा कल: गवंड्याची लेव्हल नळी पुरे. पारदर्शक नळी, बुडबुडा नको, २-३ मिमीपर्यंत बरोबर येते. चारही कोपऱ्यांच्या कॉलमवर एकाच पातळीच्या खुणा हव्यात. दोन कोपऱ्यांमध्ये २० मीटर आणि फरक ४० मिमी, म्हणजे १/५००. पायाचं मानक आयएस १९०४ सुट्या फुटिंगच्या (प्रत्येक कॉलमला वेगळा पाया) आरसीसी इमारतीला १/६६६ पर्यंत चालवतं. १/३०० च्या आसपास पार्टिशनच्या भिंती तडकतात, १/१५० ला सांगाड्याला इजा धरायची. एकजात कल (सगळी इमारत एका बाजूला झुकणं) वेगळा मोजा: जिन्याच्या डक्टमध्ये ओळंबा सोडून, ३ मीटरला १० मिमी म्हणजे १/३००. लिफ्ट मात्र गाइड रेल तपासेपर्यंत बंद.

नळदुरुस्ती

@ओळंबा, पाइप की फवारा यावर एक भर. बीएमसीचं पाणी क्लोरिनेटेड असतं. क्लोरोस्कोप (पाण्यातलं क्लोरिन तपासायचा संच) घ्या, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाका, पिवळं झालं तर नळाचं पाणी. जमिनीतल्या पाण्याला रंग येत नाही. पण गाळाने क्लोरिन मरतो, म्हणून रंग नाही आला तर एवढ्यावर निकाल देऊ नका, लाइनचा व्हॉल्व्ह बंद करूनही बघा. आणि चव घेऊन बघू नका, ड्रेनेज फुटलेलं असू शकतं.

सेक्रेटरी_वर्सोवा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, धागा प्रिंट काढून ठेवतोय. ओळंबा, मोजमाप कळलं, पण पहिल्या तासात आधी काय? आणि इमारत रिकामी कधी करायची?

ओळंबा

आधी गॅसचा मेन व्हॉल्व्ह, तळमजल्याच्या मीटर रूममध्ये पाणी-वाळू शिरली असेल तर तिथे पाय न ठेवता बाहेरून वीज बंद करवून घेणं, मग पंप बंद. टाकीचं पाणी तपासेपर्यंत वर चढवू नका.

जिथून वाळू वर आली तिथे पेव्हर ब्लॉकखाली पोकळी असते. टँकर, अग्निशमनची गाडी, क्रेन त्यावर आणू नका. १२ मिमीची सळई हाताने दाबून बघा, सहज आत जाते तो भाग दोरीने बंद करा आणि गाड्यांना दुसरी वाट ठेवा.

रिकामी करायची ती या परिस्थितींत: नाल्याकडची भेग इमारतीखालून जाते, कल दोन मोजमापांमध्ये वाढतोय, कॉलमच्या बुडाशी जमीन सुटून फुटिंग किंवा पाइल कॅप उघडी पडली, किंवा दगडी पायाच्या जुन्या इमारतीच्या भिंती प्लिंथजवळ फाटल्यात. पाइलवरच्या इमारतीभोवती जमीन एकसारखी १०० मिमी खाली गेली आणि कल शून्य, तर घाईने पळायचं कारण नाही, जोडण्या तपासा. कल तासातासाने मोजा, पहिल्या दिवशी तरी.

डिझाइन_डेस्क

एक दुरुस्ती. 'कल शून्य' म्हणायला आधीची नोंद हवी. मुंबईतल्या भरावावरच्या कितीतरी इमारती भूकंपाशिवायच १/५०० ने कललेल्या आहेत. धक्क्यानंतर पहिल्यांदा मोजलं तर जुना कल नव्याच्या नावावर जाईल.

ओळंबा

अगदी. म्हणून आत्ताच प्लिंथपासून ३०० मिमी वर चारही कोपऱ्यांच्या कॉलमवर पितळी स्टड बसवा आणि ऑटो लेव्हलने वाचा. बेंचमार्क (ज्याच्याशी तुलना करायची ती स्थिर खूण) आवारातल्या भिंतीवर नको, ती भिंत आवाराबरोबरच बसते. खडकावर किंवा पाइलवरच्या दुसऱ्या बांधकामावर घ्या. वर्षातून दोन वाचनं, मे अखेर आणि ऑक्टोबर, वही सोसायटीच्या ऑफिसात आणि फोटो बाहेर कुठेतरी.

पुनर्विकासग्रस्त

ऑफिस तळमजल्यावर, टाकीच्या शेजारी आहे.

चाळकरी

वही चेअरमनच्या घरी ठेवा. एजीएमला ते जागचे हलत नाहीत, भूकंपाला काय हलणार.

सेक्रेटरी_वर्सोवा (धागाकर्ता)

स्टडचं कोटेशन मागवलंय. शेजारच्या प्लॉटचा बोअरलॉगही मिळाला: ३ ते ७.५ मीटर 'ग्रे फाइन सँड', एन ७, ९, ११, पाणी १.२ मीटरवर. चाळणीचा रकाना कोरा.

एन_व्हॅल्यू

त्या थराचे सॅम्पल लॅबकडे अजून आहेत का विचारा. असतील तर ७५ मायक्रॉनची चाळणी आजही लावता येते. नसतील तर आपल्या आवारात एक बोअर मारा, १० मीटर किंवा खडक लागेपर्यंत, वाळूत दर दीड मीटरऐवजी पाऊण मीटरला एसपीटी (एन काढायची तीच ठोक्यांची चाचणी). आकडे आले की इथेच टाका, गणित करून देतो.